तेजूची चार पिंपं

प्रिय तेजू,

तू फोन उचलत नाहीस म्हणून मी पत्र लिहिते आहे असं कुणालाही वाटेल. पण तू फोन उचलतेस. पहिल्याच रिंगला उचलतेस, ‘बोल आई’ म्हणतेस, आणि मग मला जे बोलायचं असतं ते राहतं बाजूला. मी तुला जेवलीस का, पाणी आलं का, घरमालकानं गिझर दुरुस्त केला का असलं काहीबाही विचारते आणि फोन ठेवते. बुधवारपासून असे पाच फोन झाले. पाचव्या वेळी तूच विचारलंस की आई, तुझं काही दुखतंय का. तेव्हा म्हटलं, पुरे झालं हे. तुझ्या कॉलेजच्या जुन्या वहीतली कोरी पानं काढली आणि दुपारची जेवणं उरकल्यावर माडीवर येऊन बसले आहे. खाली गल्लीत कुंभमेळ्याची खोदकामं चालू आहेत, ड्रेनेजचे पाइप दारात येऊन पडलेत, आठ दिवस घराला हादरे बसताहेत. अक्षर हललेलं दिसलं तर ते त्यामुळे.

आधी तुझ्यावरचा राग काढून घेते, नाहीतर पुढचं लिहिता यायचं नाही. सोमवारी सकाळी पिंपळगावचा व्हिनेगरवाला टेम्पो घेऊन येणार आणि तुझी चारही पिंपं उपसून नेणार, हे तू मला बुधवारी असं सांगितलंस की जसा काही रद्दीवालाच येणार आहे. वर म्हणालीस, “बरं झालं आई, तू वेळेवर सांगितलंस. नाहीतर मी ही वाइन माझं नाव लावून बाटल्यांत भरली असती.” मी हातात फोन धरून ओट्याशी उभी. तुझ्या आवाजात रडू नाही, चीड नाही, काही नाही. गेलं वर्षभर त्या पिंपांपायी तू घरी धड दोन दिवस राहिली नाहीस. दिवाळीला आलीस ती पाडव्यालाच पळालीस. का, तर पिंपांतली पातळी खाली गेली असेल, वरून भरून घ्यायला हवीत. बाबांच्या श्राद्धाच्या पानावर बसून मोबाइलवर तपमान बघत होतीस आणि काका तुझ्याकडे डोळे वटारून बघत होते. तुझी स्वतःची पहिली वाइन. दुसऱ्याच्या कारखान्यात कोपरा भाड्यानं घेऊन केलेली. आणि मी एक वाक्य काय बोलले, तू सगळं देऊन मोकळी होतेस? त्या बंगलोरहून आलेल्या परीक्षकबाईंनी चांगली म्हटली होती ना? प्रयोगशाळेचा कागद चांगला आला होता ना? मग भांडता येत नाही तुला माझ्याशी?

भांडायला तर तुला कधी शिकवावं लागलं नव्हतं. देवळाच्या घरातली मुलगी दारूच्या कारखान्यात जाणार म्हणून काका तीन महिने तुझ्याशी बोलले नाहीत, तर तू चौथ्या महिन्यात त्यांच्यासमोर बसून त्यांनाच द्राक्षाच्या साखरेचं काय होतं ते समजावून सांगितलंस. सिन्नरचं स्थळ आलं तेव्हा मी तुला नजरेनं दाबत होते, तरी तू त्या बाईंना सांगितलंस की मी वाइन करते आणि चाखतेसुद्धा. त्यांनी पोहे अर्धे टाकले. मी गल्लीत वर्षानुवर्षं सांगत आले की तेजू द्राक्षांच्या कंपनीत आहे. खोटं नव्हतं ते. पण तू माझ्यादेखत भाजीवाल्या नवसाबाईला काय ते स्पष्ट सांगून आलीस, आणि तिनं मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता मला विचारलं की मग एखादी बाटली सांध्यांना चोळायला मिळेल का. तेव्हा मला तुझा इतका संताप आला होता! आज वाटतं, तशी तू बरी होतीस. आता तुझ्या तोंडून ‘बरं झालं आई’ ऐकलं की मी गिझरचं विचारून फोन ठेवते.

यात माझीही चूक आहेच. तुझ्या डोक्यात हे नाकाचं खूळ मीच भरवलं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, देवाच्या नैवेद्याची चव घ्यायची नाही, आणि मुद्दाम नाक नेऊन हुंगायचंही नाही. देवाआधी कुणाची जीभ लागायची नाही. मग मीठ कळायचं कसं? तर वाफेवरून. कढईपासून हातभर लांब उभं राहायचं, वाफ आपसूक आली तर आली. आमटीत मीठ कमी असलं की चिंचेचा वास पुढे पुढे करतो, बेताचं पडलं की तो मागं सरतो आणि डाळीचा वास वर येतो. पुरणात गूळ किती मुरला, तांदूळ जुना की नवा, तूप किती वेळ कढलं, सगळं त्या वाफेवर. मला हे जमायला तीन वर्षं लागली, आणि त्या तीन वर्षांत देवानं काय काय खाल्लं ते त्याचं त्यालाच माहीत. पुढं मात्र चौतीस वर्षांत माझ्या हातचा नैवेद्य कधी बिघडला नाही. तुला मी पोळपाटाशेजारी बसवून डोळे मिटायला लावायची आणि विचारायची, सांग आता काय टाकलं. तू जिरं आणि ओवा चौथ्या वर्षी ओळखलास. तो खेळ आपण किती वर्षं खेळलो!

त्यातून मग ते टाकीचं प्रकरण झालं. तीन वर्षांपूर्वी तू जुन्या नोकरीत होतीस, शनिवारी घरी आलीस, कामाचा शर्ट धुवायला टाकलास आणि मी तो बादलीत बुडवताना सहज म्हणून गेले की तुमच्याकडे काहीतरी बिघडतंय गं, लोणच्याला बुरशी धरायच्या आधी येतो तसला वास आहे. तू सोमवारी जाऊन एकेक टाकी तपासून घेतलीस. पाचव्या टाकीत सापडलं. तुमच्या साहेबांनी मला पेढे पाठवले होते. तेव्हापासून तू ज्याला त्याला माझं नाक सांगत सुटलीस, आणि मी तोंडदेखलं ‘पुरे गं’ म्हणत होते. आत कुठंतरी फार बरं वाटायचं. माझ्या शिक्षणाचा, माझ्या बोलण्याचा, कशाचाच तुला कधी अभिमान वाटावा असं काही नव्हतं. नाकाचा वाटला.

आता त्या रविवारच्या तुमच्या वाइनच्या मेळ्याबद्दल लिहिते, कारण तोही मला अजून पचलेला नाही. माणसं खायला-प्यायला गावाबाहेर धरणाकाठी जातात, ऊन डोक्यावर घेतात, नांगरलेल्या शेतात गाड्या लावतात, आणि मग दारात मनगटाला पट्टी बांधून घेतात, दवाखान्यात भरती झाल्यासारखी. तो माइकवाला रोहित. नाशिक रोडचा मुलगा, पण मराठी अशी बोलत होता की मला त्याची दया यावी. ग्लासाचा देठ धरायचा, पोट धरायचं नाही. ग्लास फिरवायचा, मग नाक आत बुडवायचं, मग घोट तोंडात घोळवायचा आणि शेवटी चक्क बादलीत थुंकायचा! अन्न तोंडात घेऊन थुंकणारी शहाणीसुरती माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. माझ्या शेजारच्या टोपीवाल्या गृहस्थांना वाइनमध्ये ओल्या चामड्याचा वास आला आणि त्यांची बायको कौतुकानं मान हलवत होती. घरी चपलांना ओल आली तर हीच बाई ओरडत असणार. एका टेबलावर मिसळ आणि तिच्यासोबत पांढरी वाइन. मिसळीबरोबर ताक घेतात, पाव घेतात, फार तर पापड घेतात. तिच्या तर्रीवर हे काय? मी चिडून ती मिसळ खाल्ली. तिखट होती, शेव कुरकुरीत होती, एवढं कबूल करते.

आणि हो, ते दोन इंजिनियर. नागलीची बिअर करणारे. त्यांच्या टेबलावर नागली मांडून ठेवलेली दिसली, मी विचारलं हे काय, तर एकजण म्हणाला आंबवलेली नागली आहे, मावशी. मला वाटलं आंबील. आपल्याकडे उन्हाळ्यात करतात ती. मी सरळ ग्लास तोंडाला लावला. गार होती, जिभेला कडसर लागली आणि बुडबुडे असे नाकात चढले की मला तीन शिंका आल्या. ते दोघं घाबरले, पाणी आणायला धावले. मी काय करावं? त्यांनी पाणी आणेपर्यंत दुसरा घोट घेतला. आता देवाचं करणारी बाई म्हणून मला हे कुणाजवळ बोलता येत नाही, पण तुला सांगायला हरकत नाही. त्या दिवशी त्या मेळ्यात मला आवडलेल्या दोन गोष्टींपैकी ती एक. एवढ्या माणसांत कुणी मला ओळखत नव्हतं, कुणाचं ताट वाढायचं नव्हतं, सोवळ्याची चिंता नव्हती. झाडाखाली खुर्ची मिळाली. एखाद्या बाईनं साठीनंतर एक दुपार अशी बसून काढावी, यात काही वाईट नाही. हे आवडलं म्हणूनच जास्त चिडचिड झाली.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे पेठहून आलेल्या सावित्रीबाई. तूच बोलावलं होतंस त्यांना. चुलीवर नागलीच्या भाकरी आणि खुरासणीची चटणी. बाकीची माणसं भाकरीचे फोटो काढत होती, मी आपली त्यांच्या चुलीशेजारी जाऊन बसले. त्यांच्या हातच्या भाकरीचा पापुद्रा सुटत होता, चटणी जिभेवर चरचरत होती. त्या तव्यावर भाकरी टाकून मागं पाण्याची कळशी आणायला गेल्या, मला म्हणाल्या जरा बघा. परत आल्या आणि माझ्याकडे बघून काहीतरी बोलल्या. मला ते आवडलं नाही, मी तिथून उठून आले. काय बोलल्या ते पुढं लिहिते.

इकडची बातमीही सांगून टाकते. यशोदाकाकू आणि माझं दिवाळीपासून बिनसलेलं आहे. एका घरात दोन जावा, आमची कधी कधी होतेच. पण आता तिचे कान भलतेच तिखट झाले आहेत. कोण कुठला भक्त म्हणाला प्रसादाची आमटी खारट होती, लगेच येऊन मला सांगणार. पंधरा दिवसांनी अळणी होती म्हणून सांगणार. मी म्हटलं, लोकांना हल्ली हॉटेलचं खाऊन खाऊन चव राहिलेली नाही. मग एक दिवस तिनं मला मीठ चमच्यानं मोजताना पाहिलं. मी! चौतीस वर्षं मुठीनं मीठ टाकणारी! ती नुसती दारात उभी राहून बघत राहिली, आणि मला इतकं लागलं की मी तिला नाही नाही ते बोलले. जानेवारीत दूध उतू जाऊन शेगडीवर करपलं, तीच वरच्या मजल्यावरून धावत आली. मी शेजारच्या खोलीत वाती वळत बसले होते. तिनं गॅस बंद केला आणि मला विचारलं, “वहिनी, तुम्हाला बरं नाही का?” मी म्हटलं मला काय धाड भरलीय. हे सगळं तुला सांगायचं ठरवून मी प्रत्येक फोन केला होता, हे लक्षात घे.

तू मला त्या मेळ्यासाठी पुरणपोळी आणि कटाची आमटी करून आणायला सांगितली होतीस. तुझ्या वाइनबरोबर आपल्या घरची चव ठेवायची होती तुला. मी फाडकन नाही म्हटलं. देवाचं करणारे हात दारूच्या मांडवात पोळ्या लाटणार नाहीत, असं काहीतरी मोठं वाक्य टाकलं. तू दुखावलीस. म्हणालीस, मग नुसती ये. आणि मी आले. तुझ्या मांडवात तेव्हा तीस-चाळीस माणसं असतील. तू मातकट रंगाचा कुर्ता घातला होतास, केस बांधले होतेस, आणि हात घट्ट धरून उभी होतीस, लहानपणी वक्तृत्व स्पर्धेला उभी राहायचीस तशी. वाइनबद्दल बोलशील असं मला वाटलं होतं. तर तू म्हणालीस, “वास घ्यायला मी कुठल्याच कॉलेजात शिकले नाही. हे नाक माझ्या आईचं आहे. चौतीस वर्षं तिनं एकदाही न चाखता देवाचा स्वयंपाक केलाय.” सगळी माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. टाळ्या पडल्या. ओल्या चामड्याच्या गृहस्थांनी उठून मला पुढची खुर्ची दिली. रोहितनं माइक खाली ठेवून मला नमस्कार केला. तेजू, माझ्या लग्नातसुद्धा माझ्याकडे इतकी माणसं अशी बघत नव्हती.

आणि तू ग्लास घेऊन आलीस. म्हणालीस, “प्यायची नाही आई, नुसता वास घे आणि सांग.” मी देठ धरला. तुम्ही शिकवलं तसं नाक आत बुडवलं. किती वेळ गेला कोण जाणे. सगळे थांबले होते. मग मी म्हणाले, “आंबूस वास येतोय गं. उतरलीय ही.” आमटीबद्दल बोलावं तसं सहज बोलले. त्या परीक्षकबाईंनी पुढं होऊन वास घेतला आणि त्या इंग्रजीत म्हणाल्या की त्यांना तर असं काही जाणवत नाही. तू त्यांच्याकडे बघितलंही नाहीस. माझ्या हातातून ग्लास घेतलास आणि वास घेतलास. पुन्हा घेतलास. तिसऱ्यांदा घेतलास तेव्हा तुझा चेहरा बदलला, आणि मला स्पष्ट दिसलं की जो वास नव्हता तो तुला आता यायला लागला आहे. तेव्हाच मी उठून सांगायला हवं होतं. मी रुमालानं तोंड पुसत बसले. पुढं कुणीतरी हसून विषय बदलला, तूही हसलीस, पाहुण्यांना चीज दिलंस, संध्याकाळी मला आपल्या गल्लीतल्या दिनेशच्या रिक्षात बसवून दिलंस आणि जाताना माझ्या पाया पडलीस.

बुधवारी तू टेम्पोचं सांगितलंस तेव्हा मी तुला एवढंच म्हणाले होते की घाई करू नकोस. तू म्हणालीस घाई करावीच लागणार, संतोषच्या मळ्यातली नवी द्राक्षं पंधरा दिवसांत येतील, पिंपं मोकळी हवीत. मी म्हटलं आणखी कुणाला तरी दाखव. तू म्हणालीस, “तुझं नाक कधी चुकलंय का?” हा विश्वास कुणी मागितला होता तुझ्याकडे? सगळ्या जगाशी भांडणारी मुलगी, एवढं शिकलेली, आणि पंचवटीतल्या एका म्हाताऱ्या बाईच्या एका वाक्यावर वर्ष फेकून देते. मी तीन दिवस तुझ्यावर जळफळते आहे. भांडी आपटते आहे. काल देवासमोर दिवा लावताना मला वाटलं की मी तुझ्यावर चिडलेलीच नाही. म्हणून आता लिहायचं तेवढं लिहिते आणि थांबते.

सावित्रीबाई म्हणाल्या होत्या, “बाई, भाकर करपून कोळसा झाली. तुमाला वास नाय आला?” नाही आला. श्रावणात मला तो आठ दिवसांचा ताप आला होता ना, त्यानंतर मला कसलाच वास येत नाही. हिंगाची डबी रोज उघडून नाकाशी धरते. नुसती डबी असते. डॉक्टरांकडे एकटी जाऊन आले. ते म्हणाले येईलही, नाही येणार असंही होतं. मी कुणाला सांगितलं नाही, कारण नैवेद्य माझ्याकडून गेला असता, आणि मला दुसरं काही येत नाही. तुझ्या मेळ्याला पोळ्या केल्या नाहीत त्या धर्मासाठी नव्हे, बिघडतील म्हणून. त्या ग्लासात मला काही कळलं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. ‘मला कळत नाही’ असं म्हणता आलं असतं, पण तू आत्ताच सगळ्यांसमोर म्हणाली होतीस की हे नाक आईचं आहे, आणि मला ते गेलंय हे तिथं सांगवेना. चांगली आहे म्हटलं तर काय काय चांगलं ते विचारशील अशी भीती वाटली. वाईट म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही. आज सकाळी यशोदाला सगळं सांगितलं आणि नैवेद्याचा स्वयंपाक तिच्या हवाली केला. ती रडली, मी नाही. हे पत्र दिनेश उद्या सकाळी दिंडोरीला नेऊन तुझ्या हातात देईल, तो येईपर्यंत कुठं जाऊ नकोस. त्या टेम्पोवाल्याला येऊ नको म्हणून सांग. माझ्यावर हवी तेवढी चीड, महिनाभर बोलू नकोस, चालेल. पण आधी एकटी पिंपांजवळ जा, माझं सगळं विसरून वास घे, आणि मी तोंड उघडायच्या आधी तुला जो वास येत होता त्यावर विश्वास ठेव. ते नाक माझं नव्हे, तुझं आहे.

तुझीच, जिनं तुझ्याशी खोटं बोलायला नको होतं ती,
आई